कापशीचं सोयर

डोहाळे पुरवले नाहीत तर होणाऱ्या पोराचे कान फुटतात, हे बकुळामावशीने लालबागच्या खिमजी चाळीतल्या झाडून सगळ्या सासवांना आयुष्यभर दरडावून सांगितलं होतं. कुणाला चिंच लागायची, कुणाला भाजकी माती, कुणाला इराण्याकडचा पाव. मावशीचं एकच म्हणणं, "आणून द्या गपगुमान! मागाहून कान फुटले म्हणून माझ्याकडे रडत यायचं नाही." मावशी चाळीची सुईण, त्यामुळे तिच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती. आणि आता तिच्याच सुनेला, शैलाला, पाचव्या महिन्यात डोहाळा लागला तो क्रॉफर्ड मार्केटातल्या पांढऱ्या उंदरांचा! मावशीची जी काय गोची झाली ती विचारू नका.

"खायचे?" मावशीचे डोळे कपाळात गेले.

"अहो आई, खायचे कसले? पाळायचे!" शैला म्हणाली. "पिंजऱ्यात चक्र असतं, त्यात तुरुतुरु पळतात. नुसते बघितले तरी जिवाला कसं बरं वाटतं."

आता उंदीर म्हणजे मावशीचा सात जन्मांचा वैरी. रोज संध्याकाळी भाजक्या खोबऱ्याचा तुकडा लावून सापळा मांडल्याशिवाय ती जेवायला बसत नसे, आणि सकाळी म्युनिसिपालिटीचा माणूस आला की, "हा घे रे, आजचा मुडदा," म्हणून सापळा त्याच्या हाती देत असे. अशा बाईच्या घरात उंदीर पाळायचे! पण बोलायची सोय नव्हती. शेजारची चंपा दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. मावशीने फाटकन तोंड उघडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत चाळभर झालं असतं, की दुसऱ्याच्या सुनेला एक न्याय आणि आपल्या सुनेला दुसरा.

"आण रे मेल्या," ती मुलावर, रामूवर खेकसली. "आण तुझ्या बायकोला काय हवं ते. गणपतीचं वाहन म्हणून एकदा हात जोडीन, झालं."

रामू गिरणीत मागावर होता. पाळी सुटल्यावर तो गेला आणि तारेचा पिंजरा घेऊन आला. आत दोन उंदीर, कापसाच्या पेळूसारखे पांढरेशुभ्र, डोळे तेवढे लाल. मादीचं नाव शैलाने ठेवलं कापशी. नर दिवसभर इकडून तिकडे हिंडायचा, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचा आणि काम मात्र शून्य, म्हणून रामूने त्याला नाव दिलं जॉबर. खात्यातल्या खऱ्या जॉबरच्या, म्हणजे त्याच्या मुकादमाच्या, कानावर हे गेलं असतं तर रामूची धडगत नव्हती.

मग त्या दहा बाय बाराच्या खोलीत मोठा तमाशा सुरू झाला. एका कोपऱ्यात खोबरं लावलेला सापळा आणि दुसऱ्या कोपऱ्यात भिजवलेले हरभरे, बाजरी आणि काकडीची साल! शैला रोज पिंजऱ्यातला भुसा बदलायची. खालच्या सुताराकडून ताजा भुसा आणायची, वाटी धुऊन पाणी भरायची. मावशी पाठ करून बसायची, पण पाठ करून माणूस किती वेळ बसणार? दुपारी शैला आडवी झाली की मावशी हळूच मान वळवून बघायची. जॉबर चक्रात पळायचा, कापशी मागच्या दोन पायांवर बसून पुढच्या दोन हातांनी हरभरा धरून खायची. अगदी माणसासारखी. "बाई, बाई, काय गो हा तुझा थाट," मावशी पुटपुटायची आणि लगेच कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघायची.

एके दुपारी तिला काय दिसलं कुणास ठाऊक, ती पिंजऱ्यापाशी सरकली. कापशी कोपऱ्यात कागदाचे कपटे गोळा करत होती. दात लावून फाडायची, कोपऱ्यात नेऊन रचायची, पुन्हा यायची. पोट दोन्ही अंगांनी फुगलेलं. मावशीने चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

"शैले, ऊठ गो! ही दोन जिवांची आहे!"

शैला धडपडत उठली. "खरंच?"

"मला विचारतेस? अगो, माझा जन्म यात गेला. चाल बघ तिची. पाय फाकवून चालते. आज-उद्याची गोष्ट."

सासू आणि सून दोघी पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, पण दोघी अशा एकमेकींना लागून पहिल्यांदाच बसल्या होत्या. मावशीला मनातून फार बरं वाटलं.

बरं वाटण्याचं कारण होतं. सुईण म्हणून मावशीला आता कुणी बोलवत नव्हतं. चाळीतल्या बायका नाव घालायला परळच्या इस्पितळात जाऊ लागल्या होत्या. मावशी त्यांना नावं ठेवायची, पण रस्त्यात इस्पितळातून परतलेली बाळंतीण दिसली की तिचा जीव कळवळायचा. तिच्या हातांना काम राहिलं नव्हतं. आता एकच आशा होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शैलाला माहेर नव्हतं. तेव्हा आपलं नातवंड आपल्या हातांवर येणार, हे मावशीने कधीच ठरवून टाकलं होतं. ट्रंकेत धुतलेली जुनी लुगडी, बाळंतशोपा, डिंक, नवं कोरं ब्लेड, सगळं तयार होतं. शैलाला तिने विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात?

आणि शैलाही काही बोलली नव्हती. तिची आई गावी, घरातच, धाकट्याच्या बाळंतपणात गेली होती. तेव्हा शैला दाराबाहेर उभी होती. ते ओरडणं आणि मग ते गप्प होणं तिच्या कानातून गेलं नव्हतं. मावशीच्या ट्रंकेकडे तिची नजर गेली की ती पाठ फिरवायची. पण सासूला तोंडावर कसं सांगणार, की तुमच्या हातांची मला भीती वाटते?

दुसऱ्या दिवशी सकाळी कापशी बाळंत झाली. सात पिल्लं! शेंगदाण्याएवढी, लालगुलाबी, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध पांढरं दिसावं. डोळे मिटलेले, केस नाहीत, आणि ती सगळी मिळून चुळबुळ करत होती. शैला आनंदाने रडायलाच लागली.

मावशीने मात्र पदर खोचला. तिच्या अंगात जुनी सुईण संचारली. "पहिल्यांदा बापाला बाहेर काढा! बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?" तिने जॉबरला शेपटीला धरून उचललं आणि दुसरं काही मिळेना म्हणून रिकाम्या सापळ्यात टाकलं. बिचारा जॉबर सापळ्याच्या तारांना नाक लावून बसला. रामूलाही तिने त्याच फटक्यात गॅलरीत बसवलं.

"आई, मार्केटातला माणूस म्हणाला होता की पिल्लांना हात—" रामू गॅलरीतून बोलायला लागला.

"तो बाजारी माणूस मला शिकवणार? गप बस तिथे."

आणि मग तिने ते केलं, जे ती नेहमी करत आली होती. खोबरेल कोमट केलं. कापसाचा बोळा बुडवून एकेक पिल्लू तळहातावर घेतलं, पुसलं, तेल लावलं. काडीच्या टोकाने प्रत्येकाला काजळाची एवढीशी तीट लावली. कापशी चुं चुं करत तिच्या बोटांना धडका देत होती. "थांब गो, तुझ्याच पोरांचं करतेय ना!" मग शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं टाकली आणि बाळ-बाळंतिणीला छानपैकी धुरी दिली. खोली धुराने भरली. मावशीचा चेहरा घामाने आणि समाधानाने चमकत होता. कितीतरी दिवसांनी तिच्या हातांना काम मिळालं होतं.

दुसऱ्या सकाळी पिंजऱ्यात सहा पिल्लं होती.

शैलाने पुन्हा पुन्हा मोजली. भुशात रक्ताचा एक ठिपका होता आणि कापशी उरलेली पिल्लं तोंडात धरून सैरावैरा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत होती.

"खाल्लं तिने," रामू हळूच म्हणाला. "तो माणूस हेच सांगत होता. पिल्लांना माणसाच्या हाताचा वास लागला, ती घाबरली, तर आईच खाते."

मावशी काही बोलणार, तेवढ्यात शैलाचा बांध फुटला. "का हात लावलात तुम्ही? ती स्वतः सगळं करत होती! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" आणि मग जे इतके महिने ओठांच्या आत होतं, ते बाहेर पडलं. "माझ्या बाळालाही असंच करणार ना? मला नाही तुमच्या हातून बाळंत व्हायचं! मला इस्पितळात नाव घालायचंय. माझी आई अशीच गेली. मला मरायचं नाही!"

सापळ्यात जॉबर हरभरा कुरतडत होता. मावशीने आपल्या हातांकडे बघितलं. या हातांनी तिने अर्धी चाळ जगात आणली होती, आणि काल याच हातांनी तिने एका आईकडून नको ते करवलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन बसली.

चंपा चहाचा कप घेऊन आली. मधल्या भिंती पातळ, तेव्हा तिने सगळं ऐकलं होतं. चंपा आणि तिचा नवरा बाबुराव चार वर्षांपूर्वी बौद्ध झाले होते. सटवाई, दृष्ट, तीट हे सगळं तिने सोडलं होतं आणि त्यावरून मावशीचं तिच्याशी अधूनमधून वाजायचं. पण चंपाच्या तिन्ही पोरांना मावशीनेच जगात आणलं होतं.

"घ्या मावशी, गरम आहे तोवर."

"नको गो."

"घ्या म्हणते ना." चंपा खाली बसली. "माझ्या धाकट्याच्या वेळचं आठवतंय? माझी सासू बाळाला बघायला आत घुसत होती. तुम्ही तिला काय म्हणालात?"

मावशीने मान हलवली. तिला काही आठवायचं नव्हतं.

"म्हणालात, दहा दिवस सोयर आहे, उंबरा ओलांडशील तर तंगडी मोडीन! सासू म्हणाली, आम्ही आता सोयर-बियर मानत नाही. तर तुम्ही म्हणालात, तू मानू नकोस, पण पोरीला निजू दे. तिला कुणाचा हात नको, कुणाची तोंडं नकोत. दहा दिवस दारात बसून होतात तुम्ही, मावशी. एका माणसाला आत येऊ दिलं नाहीत. मी तेवढी झोप आयुष्यात परत कधी घेतली नाही."

मावशीने चहा घेतला. तो संपवला. मग कप चंपाच्या हातात देऊन ताडकन उठली.

"सोयर!" ती म्हणाली. "माझं डोकं काय गहाण पडलं होतं काय गो? सोयर पाळायचं सोडून मी तेलं कसली चोळत बसले!"

ती खोलीत आली. शैलाकडे तिने बघितलं नाही, बघायचा धीर नव्हता. ट्रंक उघडली, बाळंतपणासाठी ठेवलेल्या लुगड्यांपैकी सगळ्यात मऊ लुगडं काढलं आणि पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी पांघरलं. वाटी तेवढी बाहेरून भरता येईल अशी फट ठेवली. पिंजऱ्यासमोर पाट आडवा लावला आणि त्याच्या अलीकडे स्वतः मांडी घालून बसली.

"आजपासून कापशीचं सोयर," तिने जाहीर केलं. "दहा दिवस. कुणी हात लावायचा नाही, कुणी डोकावायचं नाही. मी पण नाही."

बातमी चाळभर गेली. लोक बघायला यायला लागले आणि मावशीच्या तोंडी लागायला लागले. "काय बघायचंय? तुझ्या आईला बघायला आले होते काय लोक? चल, फूट!" स्वयंपाकात भांडं वाजलं तरी ती "शूऽऽ" करायची. फोडणी गॅलरीत द्यायची. रामू शिंकला तर त्याने जिन्यात जाऊन शिंकायचं. शैला हे सगळं बघत होती, पण बोलत नव्हती. ती मावशीचं ताट पाटाशी आणून ठेवायची आणि मावशी मान खाली घालून जेवायची. पिंजऱ्यातून कधी बारीक चुं चुं ऐकू आलं, की दोघींची नजर एकदम वर जायची, एकमेकींना भिडायची आणि दोघी दुसरीकडे बघायच्या.

आणि हे सगळं नेमकं कधी, तर महाराष्ट्र राज्य होणार त्या आठवड्यात!

गिरणगावात नुसता उधाणाचा वारा शिरला होता. दारोदारी तोरणं, गुढ्या, पताका. इतकी वर्षं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, माणसं गोळ्यांना बळी पडली, आणि आता मुंबईसकट महाराष्ट्र मिळत होता. मावशी स्वतः बायकांच्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडली होती. पोलिसांच्या गाडीत चढताना तिने शिपायाला, "मेल्या, तुझी आई मराठीतच ओरडली असेल ना तुझ्या वेळी!" असं सुनावलं होतं आणि तो शिपाईच लाजला होता. एक मेच्या सकाळी चाळीची मिरवणूक निघणार, लेझीम, ढोल, ताशे. आणि फटाक्यांची भलीमोठी माळ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली, बरोबर मावशीच्या दारासमोरून.

सकाळी माळ बघितली आणि मावशी पाटावरून उठली. शैलाला म्हणाली, "जरा इथे बस गो," आणि जिना उतरून थेट चौकात गेली. मंडळाचा पुढारी दगडू, भगवा फेटा बांधून, पोरांच्या रांगा लावत होता.

"दगडू, ती माळ काढ. आणि ढोल-ताशा नाक्याच्या पलीकडे जाऊन वाजवा."

दगडूला वाटलं मावशी थट्टा करते. "मावशी! आज महाराष्ट्र झाला! आज नाही वाजवायचं तर कधी वाजवायचं?"

"घरात बाळंतीण आहे."

"कोण? शैलावहिनी? एवढ्यात?"

"कापशी."

मग काय! अख्खा चौक हसायला लागला. ताशेवाल्याने तर हसता हसता एक टिपरी टाकलीही. मावशीने त्याच्या हातातली काडी काढून घेतली.

"हसा, हसा. दगडू, तू पायाळू जन्मलास. पाय आधी आले तुझे. तुझा बाप कोपऱ्यात रडत बसला होता, म्हणाला दोघंही जाणार. मी तुला बाहेर काढला. तेव्हा बाहेर गोविंदांची टोळी ढोल बडवत आली होती. मी खाली जाऊन त्यांना गप्प केलं, का, तर तुझ्या आईला कळा द्यायला जरा शांतता मिळावी. शंभर गोविंदा माझ्या एका शब्दावर गप्प झाले, आणि तू मला हसतोस?" तिने रांगेवरून नजर फिरवली. "आणि तू रे, तुझ्या गळ्याला नाळेचा वेढा होता. आणि तू, तू तर रडलाच नव्हतास, उलटा धरून फटके द्यावे लागले. अजून देईन. गणपतीपुढे दहा दिवस हात जोडून उभे राहता, आणि त्याच्या वाहनाची लेकुरवाळी घरात आहे तर तुम्हाला दोनशे पावलं गप्प चालता येत नाही?"

दगडूने फेटा सारखा केला. वर बघितलं. मग शिटी तोंडात घातली, आठवण होऊन परत काढली, आणि हातानेच खूण केली.

त्यानंतर लालबागने जे बघितलं, ते पुढे कितीतरी वर्षं चाळीत सांगितलं जात होतं. माळ वर ओढून घेतली गेली. लेझमीच्या साखळ्या मुठीत आवळून धरल्या गेल्या. ढोलवाले काड्या हवेत उचलायचे आणि ढोलाच्या वर वीतभर थांबवायचे. पोरं ओठांवर बोट ठेवून चवड्यांवर चालायची. पावली मात्र सगळी बरोबर, एक पुढे, एक मागे, गिरकी, खाली वाकून वर. आणि शंभर-दोनशे तोंडांनी कुजबुजत घोषणा, "संयुक्त महाराष्ट्राचा... विजय असो!" इतकी हळू की जणू कुणी कानात गुपित सांगतंय.

नाक्यावरच्या इराण्याकडे चहा पीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ ही मुकी मिरवणूक बघून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "कोण गेलं?"

"गेलं कुणी नाही, बाबा," दगडू कुजबुजला. "आलेत. सहा जण!"

हे सगळं शैला गॅलरीतून बघत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडावर हात घट्ट धरलेला. मावशी वर आली, धापा टाकत, आणि पुन्हा पाटाशी बसायला निघाली. शैला तिच्यासमोर उभी राहिली.

"आई, तुम्ही जा."

"कुठे?"

"मिरवणुकीत. इतकी वर्षं ओरडलात ना याच्यासाठी? मी बसते कापशीजवळ."

"तू? अगो, तुला एवढा वेळ बसवेल?"

"बसवेल. तुम्ही सांगितलंत तसंच बसते. हात लावत नाही, डोकावत नाही." आणि मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही अशा राखण करत बसला नसतात तर आज एकही उरलं नसतं."

मावशीने काय केलं? पदर कमरेला खोचला आणि अनवाणीच जिना उतरून धावत सुटली. साठीची बाई, पण नाक्यावर मिरवणुकीला गाठलं. आणि नाका ओलांडताच एवढा वेळ कोंडलेला तो ढोल, तो ताशा आणि त्या लेझमी एकदम अशा काही कडाडल्या! त्या आवाजात मावशीने आकाशाकडे हात करून अशी आरोळी ठोकली, की पुढचे तीन दिवस तिच्या घशातून आवाज फुटला नाही. पिंजऱ्यासाठी ते चांगलंच झालं, असं रामू म्हणाला.

सोयर फिटलं तेव्हा मावशीने स्वतःच्या हाताने लुगडं बाजूला केलं. सहाच्या सहा! अंगावर पांढरी लव आलेली, कान उघडलेले. बाराव्या दिवशी बारसं झालं. चाळीतल्या पोरांनी नावं ठेवली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, रत्नागिरी आणि मराठवाडा. "आणि बेळगाव कुठाय?" चंपाच्या थोरल्याने विचारलं. मग मावशी म्हणाली, "बेळगाव गेलं ना रे, पहिल्याच दिवशी," आणि तिने सातव्या नावाने एक चिमूट साखर पिंजऱ्यापाशी ठेवली. त्यानंतर पेढे वाटले गेले. जॉबरला सापळ्यातून काढून पिल्लं दाखवली, पण कापशीने त्याला असं काही फटकारलं की तो चक्रात जाऊन बसला. लोक पोट धरधरून हसले.

पाहुणे गेल्यावर मावशी भांडी आवरता आवरता म्हणाली, "इस्पितळात नाव घातलंस काय गो?"

शैला दचकली. "नाही."

"उद्या जाऊन घाल. मी येते बरोबर."

"आई, मी त्या दिवशी रागाच्या भरात—"

"खरं तेच बोललीस. बाईला जिथे भीती वाटत नाही, तिथेच तिने बाळंत व्हावं. हे मीच लोकांना सांगत आलेय. घरात आलं की विसरले." तिने ट्रंकेतलं ब्लेड काढून रामूला दिलं. "दाढी कर. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही."

आषाढात शैलाचे दिवस भरले. मावशीने तिला इस्पितळाच्या दारापर्यंत पोचवलं, नर्सने, "तुम्ही बाहेर बसा," म्हटल्यावर चकार शब्द न काढता बाकावर बसली. इतकी बाळंतपणं केली, पण दाराच्या बाहेर बसून ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. रामू येरझारा घालत होता. मावशी मात्र दाराकडे बघत तशीच बसून होती, पाटासमोर बसायची तशी. कुणी जोरात बोलत गेलं की "शूऽऽ" करायची. एका डॉक्टरलाही तिने केलं, आणि तोही बिचारा दबकत गेला.

मुलगी झाली. भेटीची वेळ झाली तेव्हा रामू धावत आत गेला. मावशी मागून हळूहळू गेली आणि खाटेपासून चार हात लांब उभी राहिली. दोन्ही हात पदराखाली गुंडाळून.

शैला थकली होती, पण चेहरा फुलला होता. शेजारी फडक्यात गुंडाळलेलं ते लालगुलाबी, डोळे मिटलेलं, चुळबुळ करणारं.

"आई, लांब का उभ्या? घ्या ना."

"नको गो. बघितलं. छान आहे. लांबूनच छान दिसतंय." मावशीने हात पदरात आणखी आत ओढले. "दहा दिवस जाऊ दे. माझ्या हाताचा वास लागेल तिला."

शैलाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती एकदम हसली. टाके दुखले म्हणून पोट धरून हसली. "अहो, मी काय कापशी आहे? खाणार आहे मी तिला?" आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने हात लांब करून मावशीच्या पदराचं टोक धरलं आणि ओढलं.

"लागू दे वास, आई. सगळ्यात पहिला तुमच्याच हाताचा लागू दे."

मावशीने पदराखालून हात बाहेर काढले. तिने ते लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग पुढे होऊन नात उचलून घेतली.